दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

कोणत्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका कमी निघतात, यावर प्रोग्रॅमर वर्षानुवर्षे भांडत आले आहेत, आणि हे भांडण बहुधा आवडीनिवडीवर येऊन थांबते. २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बैशाखी रे, डॅरिल पॉसनेट, व्लादिमिर फिल्कोव्ह आणि प्रेमकुमार देवनबू यांनी या भांडणात आकडे आणले. गिटहबवरचे ७२९ प्रकल्प, १७ भाषा, सुमारे ८ कोटी ओळींचा कोड आणि १५ लाख कमिट, म्हणजे कोडमध्ये केलेल्या बदलांच्या नोंदी, एवढा ऐवज त्यांनी चाळला. भाषा आणि चुका यांचा काही संबंध आहे, फंक्शनल भाषा थोड्या सरस ठरतात, असे त्यांना आढळले. परिणाम लहान आहे, हेही त्यांनी बजावले होते. पण निष्कर्ष तोंडोतोंडी फिरू लागला तेव्हा ती सूचना मागे पडली आणि ‘सिद्ध झाले’ एवढेच पुढे गेले.

२०१९ साली एमरी बर्गर, यान व्हिटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न, तोच डेटा घेऊन, पुन्हा विचारला, तेव्हा डेटातच गडबड दिसली. टाइपस्क्रिप्ट ही भाषा ऑक्टोबर २०१२ मध्ये लोकांसमोर आली. डेटात मात्र तिच्या नावावर त्याआधीचेही कमिट जमा होते. हे कसे? बिटकॉइन, लाइटकॉइन यांसारख्या प्रकल्पांत भाषांतराच्या फायली असतात आणि त्यांचेही एक्स्टेन्शन टाइपस्क्रिप्टसारखेच ‘.टीएस’ असते. त्या फायली टाइपस्क्रिप्टचा कोड म्हणून मोजल्या गेल्या होत्या. क्रोममधले व्ही-एट हे इंजिन सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले. पण त्याच्या सी प्लस प्लस फायलींचे एक्स्टेन्शन हिशेबात धरले नव्हते, म्हणून चाचण्यांच्या फायलींच्या आधारे ते जावास्क्रिप्टच्या खाती गेले. चूक दुरुस्त करणारा कमिट कोणता, हे कमिटसोबतच्या संदेशातल्या शब्दांवरून ठरवले होते. आता, टिप्पणीतले शुद्धलेखन सुधारले तरी प्रोग्रॅमर ‘फिक्स’ असेच लिहितो. काही कमिट माणसांनी स्वतः वाचले, तेव्हा ‘दुरुस्ती’ म्हणून मोजलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के दुरुस्त्या नव्हत्याच. ही सगळी झाडझूड करून गणित पुन्हा मांडल्यावर फक्त चार भाषांचा चुकांशी संख्याशास्त्रीय संबंध उरला आणि तोही अगदी क्षीण. मूळ लेखकांनी याला उत्तर दिले, त्यावर प्रत्युत्तर आले, वाद रंगला.

या प्रकरणात कोणी हरले असे वाटत असेल, तर आपण संशोधनाकडे कुस्तीच्या फडासारखे पाहतो आहोत. कोणाची लबाडी उघडी पडलेली नाही. उलट, मूळ लेखकांनी डेटा दिला म्हणूनच दुसऱ्यांना तो तपासता आला. पेपरच्या एका वाक्यात मावणाऱ्या छोट्या छोट्या निर्णयांवर (कोणते एक्स्टेन्शन कोणत्या भाषेचे, कोणता शब्द चूक-दुरुस्तीची खूण) सगळा निकाल तोललेला असतो, हे मात्र उघडे पडले. गिटहबवरून चुका मोजणाऱ्या प्रत्येक संशोधकाला ही माहिती उपयोगाची आहे, मग त्याला भाषांच्या भांडणात रस असो वा नसो. पहिल्या अभ्यासाने एक उत्तर दिले, दुसऱ्याने मोजपट्टीच तपासून दिली.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत यात एक विसंगती आहे. कोडची प्रत काढायला काही खर्च येत नाही. डेटा एका क्लिकवर उतरवता येतो. प्रयोगशाळा लागत नाही, रसायने लागत नाहीत. तरीही प्रयोग पुन्हा करून पाहणे इथे दुर्मीळ आहे. अडचण यंत्राची नाही, प्रतिष्ठेची आहे. पेपर तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘यात नवीन काय?’ जुना निष्कर्ष टिकला, तर ‘हे माहीतच होते’. टिकला नाही, तर ‘तुमचेच काही चुकले असेल’. मग असले काम ड्रॉवरमध्ये पडून राहते.

ड्रॉवरमध्ये पडलेल्या कामाचे नुकसान एका साध्या हिशेबाने कळते. समजा, एखादे तंत्र मुळात निरुपयोगी आहे आणि जगभरात वीस गटांनी ते स्वतंत्रपणे तपासले. शंभरात पाच वेळा योगायोगाने गफलत होऊ शकते, ही नेहमीची सूट धरली, तर वीसपैकी सरासरी एकाला ते तंत्र उपयोगी ‘आढळेल’. त्या एकाचा पेपर छापला जाईल, एकोणीस गप्प बसतील. वाचकाच्या हाती एकच पेपर, तोही प्रामाणिक आणि तोही चुकीचा. नकारार्थी निष्कर्ष छापला नाही, तर होकारार्थी निष्कर्षाची किंमत ठरवायला साधनच राहत नाही.

नकाराचे मोल काय असते, याचे सर्वांत चोख उदाहरण १९८६ सालचे आहे. विमान किंवा अणुभट्टी सांभाळणारे सॉफ्टवेअर भरवशाचे कसे करावे? त्या काळी एक आकर्षक उपाय पुढे आला होता. एकाच कामाचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या गटांकडून, एकमेकांशी न बोलता, लिहून घ्यायचे आणि बहुमताने उत्तर ठरवायचे. एक प्रोग्रॅम हजारात एकदा चुकत असेल, तर दोन प्रोग्रॅम एकदम चुकण्याची शक्यता दहा लाखांत एक. गणित बिनचूक होते, फक्त त्यात एक गृहीत दडलेले होते, ते म्हणजे चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतात. जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी ते गृहीतच तपासले. दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी एकाच कामाचे २७ प्रोग्रॅम लिहून घेतले आणि प्रत्येकाला १० लाख चाचण्या दिल्या. सुटे सुटे पाहिले तर प्रोग्रॅम उत्तम होते, प्रत्येक ९९ टक्क्यांहून अधिक चाचण्यांत बरोबर. पण १,२५५ चाचण्यांत एकाहून अधिक प्रोग्रॅम एकाच वेळी चुकले. चुका स्वतंत्र असत्या, तर असे इतक्यांदा होणे संभवत नव्हते. जिथे प्रश्न अवघड, तिथेच वेगवेगळी माणसेही अडखळतात.

त्यांच्यावर टीकेची झोड उठली. १९९० साली त्यांना टीकेचे सविस्तर उत्तर लिहावे लागले. त्यांनी ‘ही पद्धत टाकून द्या’ असे कुठेच म्हटले नव्हते. स्वातंत्र्य गृहीत धरून विश्वासार्हतेचे आकडे सांगू नका, एवढेच त्यांचे म्हणणे. एका नकाराने एक सोयीस्कर गुणाकार मोडला. आणि ज्या यंत्रांवर माणसांचे जीव अवलंबून असतात, त्यांच्या बाबतीत असला गुणाकार वेळेवर मोडलेलाच बरा.

अर्थात, प्रत्येक नकार असा भरीव नसतो. दहा-बारा विद्यार्थ्यांवर अर्धा दिवस प्रयोग करून ‘फरक आढळला नाही’ असे कोणी लिहिले, तर त्यातून फरक नाही हे कळत नाही, प्रयोग लहान होता एवढेच कळते. होकाराचीही तीच गत. उत्तम आणि सुमार प्रोग्रॅमरमध्ये २८ पट फरक असतो, ही जुनी दंतकथा १९६८ सालच्या सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांच्या अभ्यासातून निघाली. त्यात अनुभवी प्रोग्रॅमर होते अवघे १२, आणि तो आकडा वेगवेगळ्या परिस्थितींत काम केलेल्यांची तुलना करून आला होता. लुट्झ प्रेखेल्ट यांनी १९९९ साली तो पुन्हा तपासला, तेव्हा २८ पट हा आकडा दिशाभूल करणारा ठरला. दरम्यान तीस वर्षे तो पगारांच्या आणि नेमणुकांच्या चर्चेत वावरत होता. नाणे वाजवून घ्यावे तसे उत्तरही वाजवून घ्यावे लागते, होकार असो वा नकार.

यंत्र-शिक्षणाच्या काळात ही गरज वाढली आहे, कारण आकडे आता फार सहज फुगतात. चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या जेनप्रोग या प्रणालीने १०५ पैकी ५५ चुका दुरुस्त केल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. २०१५ साली एमआयटीतल्या मार्टिन रिनार्ड यांच्या गटाने त्या दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा खऱ्या अर्थाने बरोबर दुरुस्ती फक्त दोनच चुकांची झाली होती. बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅमचे कामच काढून टाकले होते. काम नाही तर चूकही नाही, आणि दुबळ्या चाचण्यांना ते चालून गेले. गिटहबवरच्या चार भाषांतल्या ४२.८ कोटी फायलींपैकी वेगळ्या अशा फक्त ८.५ कोटी असल्याचे २०१७ साली दिसले. म्हणजे शिकायला दिलेलाच कोड परीक्षेतही येऊ शकतो. कोडमधली सुरक्षेची भगदाडे ओळखणाऱ्या मॉडेलांना खऱ्या जगातला डेटा दिल्यावर त्यांची कामगिरी निम्म्याहून अधिक घसरते, असे दाखवणाऱ्या अभ्यासाच्या लेखकांत बैशाखी रे याही आहेत. ज्यांचे काम तपासले गेले, त्यांनीच इतरांचे काम तितक्याच कसोशीने तपासावे, हे या विद्येच्या प्रकृतीचे चांगले लक्षण आहे.

सुधारणा सुरू आहेत. काही परिषदांत पुनर्प्रयोग आणि नकारार्थी निष्कर्षांसाठी स्वतंत्र विभाग आहेत. प्रयोगाचा आराखडा आधी मंजूर करायचा आणि निकाल काहीही लागला तरी छापायचा, ही पद्धतही रुजते आहे. मला यातली ही दुसरी पद्धत अधिक मोलाची वाटते, कारण ती उत्तर कळण्यापूर्वीच प्रश्नाची लायकी ठरवते. डेटा आणि कोड जोडलेल्या पेपरांना बिल्ले मिळतात, तेही ठीक. पण बिल्ल्याने समाधान मानू नये. तोच कोड त्याच डेटावर पुन्हा चालवला, तर तीच चूक पुन्हा मिळते. टाइपस्क्रिप्टच्या फायली उघडून वाचायला माणूसच लागला.

आणि हे काम आपल्या आवाक्यातले आहे. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प ‘नवीन’ असावेत असा आग्रह असतो आणि त्या नवीनपणाची कसरत सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्याऐवजी एखाद्या गाजलेल्या अभ्यासाचा डेटा उतरवून, प्रत्येक पायरी उलगडून, निष्कर्ष टिकतो का हे पाहायला सांगितले, तर विद्यार्थी संख्याशास्त्र शिकेल, इतरांचा कोड वाचायला शिकेल आणि संशोधनाला हातभारही लावेल. टिकला तर टिकला म्हणून लिहावे, नाही टिकला तर नाही म्हणून. गुण दोन्हींना सारखेच द्यावेत. ज्या दिवशी परीक्षक ते मनापासून देऊ लागतील, त्या दिवसापासून या विषयातल्या होकारांवरही अधिक विसंबता येईल.