स्वभावदोष आणि व्यवसाय

मुलानें कोणता व्यवसाय पत्करावा हें ठरवितांना आपण त्याची बुद्धि पाहतों, घरची ऐपत पाहतों. त्याच्या दुर्गुणांचा कल मात्र कोणी पाहत नाहीं. पॉलहस व विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनीं २००२ सालीं आत्मप्रौढी, कुटिलता व निर्दयता यांस ‘काळें त्रिकूट’ म्हटलें. (तिसरीचा विचार येथें सोडून देतों.) २०१४ सालीं जोनासन प्रभृतींस असें आढळलें कीं, कुटिल मनुष्य सरासरीनें शुश्रूषेच्या व्यवसायांपासून दूर राहूं पाहतो, आत्मप्रौढीचा ओढा मात्र कला व व्यापार यांप्रमाणेंच शिक्षणासारख्या लोकसेवेच्या कामांकडेहि असतो.

पहिली गोष्ट समाधानाची. रुग्णांचें दैव बलवत्तर म्हणावयाचें! दुसरी विचारांत पाडते. स्वतःवरच लुब्ध असलेल्या मनुष्यास शिक्षक व्हावेसें कां वाटावें? वर्गांतील पन्नास माना आपल्याकडे वळलेल्या असतात, हें एक कारण असूं शकेल. म्हणून त्याचें शिकविणें खोटें ठरतें काय? मला तसें वाटत नाहीं. वाहवेच्या आशेनें कां होईना, त्यानें भूमिति नीट समजावून दिली तर विद्यार्थ्याचा लाभ खराच. परंतु मागच्या बाकावर एखादा मंद मुलगा बसलेला असतो, आणि त्याला शिकविण्यांत कसलीच कीर्ति नसते. त्याच्याकडे हा शिक्षक किती वेळां वळतो, हें पाहिल्यावांचून त्यास चांगला शिक्षक म्हणण्यास मी धजणार नाहीं.