फळ कोणाचे, झीज कोणाची

निष्काम कर्माचा विषय निघाला की आपण अर्जुनाकडे, संतांकडे, फार तर समाजसेवकांकडे वळतो. लठ्ठ मानधन घेणारा व्यावसायिक खेळाडू त्या यादीत सहसा नसतो. पण हे तत्त्व कुठवर पेलते आणि कुठे मोडते हे पाहायचे असेल, तर अमेरिकन फुटबॉलमधला ऑफेन्सिव्ह लाइनमन डोळ्यांसमोर ठेवावा. चेंडू हातात घेऊन पळण्याचा, फेकण्याचा आणि समोरच्याला आडवा करण्याचा हा खेळ. चढाई करणाऱ्या अकरा जणांपैकी पाच जण, मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि कडेला टॅकल, मुख्यतः अडवण्यासाठी उभे असतात. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची एरवी त्यांना मुभाच नाही. सेंटरने पायांमधून चेंडू मागे दिला, म्हणजे ‘स्नॅप’ झाला, की यांचे काम सुरू. डाव्या टॅकलचेच पाहा. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्याच्या बाजूला असते. तो गुडघ्यांत वाकून उलट्या पावली सरकतो आणि अंगावर येणाऱ्याच्या छातीवर दोन्ही तळवे रोवून त्याला दोन-तीन सेकंद थोपवतो. बोटांनी जर्सी खेचली आणि पंचाच्या नजरेस पडली, तर दहा यार्डांचा दंड. पंच माइकवरून त्याचा नंबर पुकारतो, आणि हा माणूस मैदानावर आहे हे हजारो प्रेक्षकांच्या तेव्हा कुठे लक्षात येते. काम चोख झाले तर त्याच्या नावापुढे अधिकृत आकडेवारीत काहीच चढत नाही.

जो थॉमस हा क्लीव्हलँड ब्राउन्सचा डावा टॅकल. 2007च्या पहिल्या सामन्यापासून 22 ऑक्टोबर 2017पर्यंत त्याने चढाईचा एकही डाव चुकवला नाही. सलग 10,363 स्नॅप झाले आणि दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच तो बाहेर बसला. या अकरा हंगामांत ब्राउन्सने 48 सामने जिंकले आणि 128 हरले. 2016मध्ये सोळांपैकी एक विजय, 2017मध्ये तोही नाही. बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तरी 2023मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले. कर्माची किंमत त्याच्या फळावरून ठरत नाही, हे विधान एरवी उपदेशासारखे वाटते. इथे ते हिशेबाने सिद्ध होते. जय-पराजय संघाचा होता, तो त्याच्या हाती नव्हता. प्रत्येक डावातले ते दोन-तीन सेकंद तेवढे त्याचे होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कोट्यवधी डॉलर घेणाऱ्याला निष्काम कसले म्हणायचे? आक्षेप निम्मा खरा आहे. शिवाय प्रेक्षक पाहत नसले तरी प्रशिक्षक पाहतात. सामन्याची चित्रफीत लावून एकेका पावलाला गुण देतात. म्हणजे लाइनमन अगदीच साक्षीदाराविना राबतो असे नाही. पण मानधन हे तो मैदानात का उतरतो याचे उत्तर आहे. हरलेल्या हंगामातल्या हरलेल्या सामन्यात, शेवटच्या पाच मिनिटांत, पाऊल बरोबर पडण्यासाठी लागणारे लक्ष पैशाने विकत मिळत नाही. तसे मिळते तर महागडे संघ कधी ढिले खेळलेच नसते. अर्जुनापुढेही राज्य होतेच. लाभ समोर असणे आणि लाभावर चित्त असणे यांत फरक करावाच लागतो.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे आणि त्याचे नाव माइक वेबस्टर. पिट्सबर्ग स्टीलर्सचा हा सेंटर 1974 ते 1988 या काळात तिथे खेळला, चार सुपर बोल जिंकला, कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी उभा राहायचा. वेदनेची तक्रार न करणारा आदर्श लाइनमन म्हणून त्याचे गोडवे गायले गेले. निवृत्तीनंतर त्याची स्मृती आणि विचारांची संगती ढासळत गेली; काही काळ तो आपल्या ट्रकमध्ये राहिला. 2002मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो गेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूत सीटीई हा ऱ्हासाचा विकार शोधला आणि 2005मध्ये निबंध प्रसिद्ध केला. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. खेळातल्या डोक्याच्या दुखापतींमुळे वेबस्टर अपंग झाला हे लीगशी संलग्न निवृत्तिवेतन मंडळाने 1999मध्येच मान्य केले होते. लीगच्या प्रवक्त्याने दूरगामी परिणामांची कबुली द्यायला मात्र डिसेंबर 2009 उजाडले. लाइनमनच्या बाबतीत आणखी एक गोची आहे. नजरेत भरणारी एखादी भीषण टक्कर क्वचितच होते. जवळपास प्रत्येक स्नॅपला छोटा धक्का बसतो. त्याच्या कर्तबगारीची नोंद नव्हती, तशी या धक्क्यांचीही कुणी ठेवली नाही.

मग टीकाकार म्हणेल, फळाची आशा धरू नको ही शिकवण मालकांच्याच सोयीची आहे. राबणाऱ्याने मागू नये, म्हणजे घेणाऱ्याला द्यावे लागत नाही. गीतेच्या नावावर असा व्यवहार आपल्याकडेही कमी झालेला नाही. पण गीतेवर हा दोष ठेवण्याआधी तिचा अठरावा अध्याय वाचायला हवा. तिथे कर्माचे तीन प्रकार केले आहेत, आणि परिणाम, हानी, हिंसा व स्वतःची ताकद यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला स्पष्टपणे तामस म्हटले आहे. म्हणजे फळावरचा हक्क सोडायला सांगणारा ग्रंथच परिणामांकडे डोळेझाक करायला मनाई करतो. टिळक गीतेच्या कर्मयोगाला ज्ञानमूलक म्हणतात. त्यांना अभिप्रेत असलेले ज्ञान ब्रह्मात्मैक्याचे, मेंदूविकाराच्या अहवालाचे नव्हे, हे मान्य. पण स्वतःच्या देहाचे काय होते आहे हेच ज्याच्यापासून दडवले गेले, त्याच्या त्यागाला त्याग म्हणायला मन धजावत नाही. त्यागण्यासाठी वस्तू आपली आहे हे आधी ठाऊक असावे लागते. वेबस्टरने आपला मेंदू अर्पण केला नाही. तो त्याच्याकडून, त्याला न कळता, खर्ची पडला. त्याची सहनशीलता सच्ची होती. तिला कर्मयोगाची झूल चढवणे ही मात्र पाहणाऱ्यांची लबाडी.

तर मग आता सगळे उघड झाले, करारावर सही करणारा जाणतेपणी सही करतो, म्हणून प्रश्न मिटला का? तसेही नाही. विशी ओलांडलेल्या तरुणाला धोका आकड्यांत कळतो, स्वतःच्या अंगावर कळत नाही. घर त्याच्या कमाईवर अवलंबून असेल तर कळूनही उपयोग नसतो. तरी निवड काही प्रमाणात शक्य झाली, हे जॉन अर्शेलकडे पाहून म्हणता येते. बॉल्टिमोर रेव्हन्सचा हा गार्ड त्याच वेळी एमआयटीत गणितात पीएच.डी. करत होता. 2017च्या जुलैत एक अभ्यास प्रसिद्ध झाला: तपासलेल्या 111 माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110मध्ये सीटीई आढळला. हे मेंदू मुद्दाम दान केलेले, बहुधा आधीच लक्षणे दिसलेल्यांचे. त्यावरून सरसकट टक्केवारी काढता येत नाही, आणि हे गणितज्ञाला कुणी सांगायला नको. दोनच दिवसांत, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. त्याच वर्षी थॉमसने आपली स्मरणशक्ती कमी होत असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि तरीही तो नवा हंगाम खेळायला उतरला. एक थांबला, एक थांबला नाही. अठराव्या अध्यायाच्या कसोटीवर मला दोघांपैकी कुणालाच तामस ठरवता येत नाही, कारण दोघांनीही हानी मोजून पाऊल टाकले. वेबस्टरला मोजायला काही दिलेच गेले नव्हते, आणि त्या कसोटीवर तिथे उभे करायचे ते त्याला नाही, ज्यांच्याकडे 1999पासून कागद होता त्यांना.