अवघड, पण कुणाला?

नोम चॉम्स्की यांनी 1960च्या दशकात दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली. भाषाशास्त्राच्या वर्गांत ती अजूनही फळ्यावर लिहिली जातात. ‘जॉन इज ईगर टु प्लीज’ आणि ‘जॉन इज इझी टु प्लीज’. शब्द तेवढेच, क्रम तोच, बदललंय फक्त विशेषण. तरी पहिल्यातला जॉन लोकांना खूश करायला धडपडतोय आणि दुसऱ्यातल्या जॉनला कुणीतरी दुसरंच खूश करतंय. त्या कुणीतरीचा वाक्यात पत्ता नाही. ‘द चिकन इज रेडी टु ईट’मध्ये तर कोंबडी ताटात आहे की दाणे टिपायला निघाली आहे, हेही संदर्भावरूनच ठरवायचं. शाळेत मात्र विशेषणापुढे ‘टु’, त्यापुढे क्रियापद, असा एकच साचा घोटून घेतात आणि खरी गंमत तिथेच हरवते.

मुलांना हा गुंता कधी उलगडतो, हे कॅरोल चॉम्स्की यांनी पाहिलं. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाच ते दहा वर्षांची 40 मुलं होती. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली समोर ठेवायची आणि विचारायचं, ही ‘इझी टु सी’ आहे की ‘हार्ड टु सी’? बाहुली तर ढळढळीत समोर. पण लहान मुलं म्हणत, ‘हार्ड’. मग तिला ‘इझी’ कर म्हटलं, की पट्टी सोडत. वाक्यात जिचं नाव आहे तीच बघणारी, असा त्यांचा सरळ हिशेब. नऊच्या पुढची मुलं फसली नाहीत.

पट्टीनेच मुलांना चकवलं, असा आक्षेप पुढे आला, आणि तो मला रास्त वाटतो. रिचर्ड क्रोमर यांनी 1970मध्ये लांडगा आणि बदक अशा हातबाहुल्या घेऊन कोण कुणाला चावतं ते मुलांकडून करवून घेतलं. त्यांच्या लेखाचं नाव ‘चिल्ड्रन आर नाइस टु अंडरस्टँड’. खट्याळपणा उघड आहे, कारण नावच त्या साच्यातलं! पट्टी नव्हती, तरी लहान मुलं अडखळलीच.

आपण मराठी माणसांनी यावर फार हसू नये. ‘ही गणितं सोडवायला सोपी आहेत’ म्हणताना सोपं असतं ते सोडवणं, पण ‘सोपी’ हे रूप गणितांच्या लिंगवचनाप्रमाणे फिरतं. सोडवणारा गायब. गणितांचं त्यात काही बिघडत नाही. पण शिक्षकांच्या खोलीत ‘हा वर्ग सांभाळायला अवघड आहे’ असं कुणी म्हणतं, तेव्हा सांभाळणाऱ्याची अडचण अलगद वर्गाचा गुणधर्म होऊन बसते. पुढच्या वर्षीचे शिक्षक तो वर्ग अवघड आहे हे ऐकूनच आत शिरतात. ‘मला’ हा एक शब्द घातला असता तर निदान चर्चा झाली असती.

ईगर आणि इझी हे दोन प्रकार पाणिनीने संस्कृतात मुळातच दोन खणांत ठेवले होते. इच्छा दाखवणाऱ्या क्रियापदासोबत ‘तुमुन्’ प्रत्यय येतो तो दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असला तर, हे त्याचं सूत्र. म्हणजे ईगर जॉनचा खण. सोपं किंवा कष्टाचं सांगायचं असलं की ‘सु’ किंवा ‘दुस्’ लावून ‘खल्’ प्रत्यय. त्यातून सुकर, दुष्कर, सुलभ, दुर्लभ हे शब्द होतात आणि ते कर्त्याकडे बोट दाखवत नाहीत. सुलभ म्हणजे सहज मिळवणारा नव्हे, सहज मिळणारं. इझी जॉन इथे बसतो. जे इंग्रजी वाक्यात ऐकणाऱ्याला ताडावं लागतं, ते इथे प्रत्ययातच ठरून जातं.

अर्थात प्रत्यय चोख असला तरी कर्ता झाकलेलाच राहतो. सरकारी कागदांत भामरागडसारख्या भागाला ‘अतिदुर्गम’ म्हणतात. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माडिया माणसाला स्वतःच्या गावी पोहोचण्यात कसलं आलंय अवघड? अवघड वाटतं ते जिल्ह्याच्या ठिकाणाहून जीप घेऊन निघालेल्याला. पण रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली, की तोच रस्ता त्या गावकऱ्यालाही दुर्गम होतो. तेव्हा दुर्गम असतो तो दवाखाना, आणि त्याच्या नावापुढे हे विशेषण कुठल्या कागदावर सहसा दिसत नाही.