फळमाशीचे उत्तर आणि आपली तृष्णा



पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट तुम्ही रोज हाकलत असाल. शास्त्रज्ञ त्याला ड्रोसोफिला म्हणतात. ते जेमतेम दोन-तीन महिने जगते, म्हणून म्हातारपणाचा अभ्यास त्याच्यावर केला जातो.

पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि त्यांच्या माऱ्याने शरीर झिजते, असे १९५६ साली डेन्हम हार्मन यांनी मांडले. १९९४ मध्ये ऑर आणि सोहल यांनी माश्यांमध्ये दोन संरक्षक एन्झाइम वाढवले. त्यांचे आयुष्य एक तृतीयांशापर्यंत वाढले. जगाला हवी तीच बातमी मिळाली.

पण २००३ मध्ये त्यांच्याच गटाने मुळातच दीर्घायुषी असलेल्या माश्या घेऊन पडताळणी केली, तेव्हा तसा फायदा दिसला नाही. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. तिथे बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट जास्त आढळला. फ्री रॅडिकल्स केवळ शत्रू नाहीत, शरीर त्यांचा संदेशवाहक म्हणूनही उपयोग करते, हे आता कळले आहे.

आता प्रश्न आपला. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील आपण रोज म्हणतो. मग प्रयोगशाळेत मेलेल्या या असंख्य माश्यांचे काय? औषधासाठी संशोधन लागते, हे मान्य. रुग्णसेवेला बुद्धांनीही मोठे मानले. तरीही त्या जीवांचे ओझे शून्य होत नाही. निदान त्यांनी दिलेले उत्तर प्रामाणिकपणे स्वीकारणे तरी आपले कर्तव्य आहे. १९९४ चे गोड उत्तर जपायचे, २००३ चे कडू उत्तर विसरायचे आणि दुकानातून 'अँटी-एजिंग' बाटली आणायची, यात तो जीव वाया गेला, असेच म्हणावे लागेल.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा, हा कालामांना केलेला उपदेश आपल्याला आवडतो. खरी कसोटी मात्र आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीवर लागते. त्या दोन शास्त्रज्ञांनी स्वतःचाच निष्कर्ष पुन्हा तपासला. हे मला धम्माच्या फार जवळचे वाटते.

जरा टळेल, असे बुद्धांनी कुणालाही सांगितले नाही. जरेची भीती आणि तिच्यामागची तृष्णा ओळखायला शिकवले. आजारावर उपचार जरूर घ्या, फळे-भाज्या खा, चाला. पण पुढची बाटली उचलताना स्वतःला एकदा विचारा: मी आरोग्य विकत घेतोय की भीतीला गप्प करतोय?

सर्वांचे मंगल होवो.