सोपं वाटणं आणि सोपं असणं

चि. सोनूस,


तुझ्या प्रोजेक्टचा आराखडा वाचला. रिक्वायरमेंट मॉडेलिंगच्या दोन सॉफ्टवेअरांपैकी वापरायला सोपं कोणतं, हे तू वर्गमित्रांकडून प्रश्नावली भरून घेऊन ठरवणार आहेस. प्रश्नावली असू दे, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नकोस.

तू घेतलेली एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही प्रश्नावली जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केली. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाचे गुण ५ मधून वजा करायचे आणि एकूण बेरजेला २.५ ने गुणायचं. उत्तर शंभरात येतं, तरी ती टक्केवारी नव्हे. आजवरच्या अभ्यासांतली सरासरी ६८ च्या आसपास आहे. म्हणजे ६८ हा फर्स्ट क्लास नाही, मधलाच आकडा. शिवाय हा आकडा थर्मामीटरसारखा आहे. ताप आहे एवढं कळतं, कशाचा ते नाही.

ते कळायला माणसाला काम देऊन शेजारी बसावं लागतं. आयएसओ ९२४१-११ या मानकात वापरसुलभता कधीच नुसती नसते. कोण वापरणार, कशासाठी, कुठल्या परिस्थितीत, हे आधी ठरवायचं. मग काम नीट झालं का, वेळ आणि श्रम किती लागले, वापरणारा समाधानी आहे का, हे बघायचं.

काम निवडताना जपून. कोऱ्या पानावर यूज केस डायग्राम काढायला सांगशील, तर दोन्ही सॉफ्टवेअरं पास होतील. लंबगोल आणि बाण कुठेही काढता येतात. खऱ्या कामात पान कोरं असतं ते पहिल्या दिवशी. पुढे क्लायंट बदल सांगत राहतो. म्हणून तयार मॉडेल दे. समज, वाचनालयाचं आहे आणि 'दंड भरणे' ही यूज केस चार आकृत्यांत लंबगोल म्हणून आलीय. सांग, "दंड बंद झाला, हे काढून टाका."

आता नीट बघ. माणूस लंबगोलावर क्लिक करतो, डिलीट दाबतो, चारही आकृत्या साफ करतो आणि म्हणतो, "झालं." काही सॉफ्टवेअरांत डिलीटनं ती गोष्ट फक्त आकृतीवरून जाते, मॉडेलमध्ये तशीच राहते आणि रिपोर्ट काढला की पुन्हा हजर. काम फसलं, पण त्याला पत्ताच नाही. तो प्रश्नावलीत खुशाल चांगले गुण देणार. थॉमस ग्रीन यांनी १९८९ पासून अशा अडचणींना नावं दिली. एका छोट्या बदलासाठी दहा ठिकाणी हात लावावा लागतो ती 'व्हिस्कॉसिटी'. ती यादी हाताशी ठेव, निरीक्षणं लिहायला सोपं जाईल.

अडचण कुणाची, हेही वेगळं काढ. 'इन्क्लूड'चा बाण मूळ यूज केसकडून समाविष्ट केलेल्याकडे जातो, 'एक्स्टेंड'चा मात्र भर घालणाऱ्याकडून मूळ यूज केसकडे. इथे लोक गोंधळले तर तो यूएमएलचा, म्हणजे या आकृत्यांच्या भाषेचा दोष. दोन्हीकडे सारखाच दिसेल. तो सॉफ्टवेअरच्या माथी मारू नकोस.

'पाच माणसं पुरेत' हे याकोब नीलसन यांचं मत तू आधाराला घेतलंयस. ते दोष हुडकण्यापुरतं आहे, दोघांत सरस कोण हे ठरवायला पाच जण अपुरे. आणि अर्ध्यांना एक सॉफ्टवेअर आधी दे, अर्ध्यांना दुसरं; नाहीतर पहिल्यावर झालेल्या सरावाचं श्रेय दुसऱ्याला मिळेल.

तक्त्यात एक रकाना वाढव: काम चुकलं, पण करणाऱ्याला बरोबर वाटलं. चुकलेली गरज तिथून थेट प्रोग्रॅमरच्या हाती जाते. एसयूएसमध्ये दोघांचे गुण सारखे आले, तर निकाल या रकान्यावर लाव.

तुझा,
काका