हिरवेपणाचा हिशेब

सकाळच्या चहात जी पात चुरगाळून टाकतो, त्या गवती चहाच्या अर्कातून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण घडवले. २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये ते काम छापून आलं. भट्टी नाही, जहाल रसायन नाही. सोन्याच्या क्षाराचं द्रावण आणि पातीचा रस. पुढे तुळस, जास्वंद, कोरफड, अंगणातलं झाड क्वचितच सुटलं असेल.

असे धातूंचे नॅनोकण हायड्रोजनीकरणाला, म्हणजे पदार्थाला हायड्रोजन जोडायला, उत्प्रेरक म्हणून का लागतात? हायड्रोजनच्या रेणूतली जोडी सहजी सुटत नाही. निकेल किंवा पॅलेडियमच्या पृष्ठभागावर मात्र ती सुटते आणि मोकळे अणू समोरच्या पदार्थाला चिकटतात. काम करतो तो फक्त पृष्ठभाग. आतला धातू नुसता बसून असतो. एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सहाशे चौरस मीटर. म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार चौरस फूट. मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

कल्पना तशी जुनीच. पॉल साबातिए यांना १९१२चं नोबेल मिळालं ते बारीक केलेल्या धातूंनी हायड्रोजनीकरण करण्याच्या रीतीबद्दल. आपल्या घरोघरी आलेला वनस्पती तुपाचा डबा त्याच निकेलची करणी.

फायदा खरा आहे. नायट्रोबेंझिनपासून ॲनिलीन करायची जुनी रीत म्हणजे लोखंडाचा कीस आणि आम्ल. ॲनिलीन निघायचं, पण त्यासोबत लोखंडाच्या गाळाचे ढीगही. उत्प्रेरक आणि हायड्रोजन वापरला की मागे उरतं ते पाणी. याला हिरवं म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

खटकतं ते पुढचं. झाडपाल्याच्या कणांची परीक्षा बहुधा एकाच द्रावणावर होते : पॅरा-नायट्रोफिनॉल. पिवळंजर्द द्रावण, त्यात चिमूटभर कण, आणि काही मिनिटांत पिवळा रंग पार उडतो. यातून जे बनतं, त्यापासूनच पॅरासिटामॉल करतात. बघायला मजा येते. पण तिथला हायड्रोजन येतो सोडियम बोरोहायड्राइडमधून, तेही गरजेच्या कितीतरी पट ओतलेलं. ते बनवायला सोडियम धातू लागतो आणि तो वितळलेल्या मिठातून वीज खर्चून काढावा लागतो. सिलिंडरमधला हायड्रोजन घ्यावा, तर जगात तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासूनच येतो आणि कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून येतो. तुळशीचा रस घातला म्हणून हे खर्च पुसले जात नाहीत.

म्हणून झाडपाल्याच्या कणांवरचा शोधनिबंध हाती आला की मी पानाचं नाव नंतर वाचतो. आधी बघतो की कण परत गोळा करता आले का. लोहाच्या ऑक्साइडवर पॅलेडियम बसवलेलं असेल, तर बाटलीला बाहेरून चुंबक लावला की काळी भुकटी काचेला येऊन चिकटते. द्रावण ओतून घ्यायचं आणि तीच भुकटी पुन्हा कामाला लावायची. किती धातू विरघळून गेला, कणांच्या गुठळ्या कधी व्हायला लागल्या, हे तिथे कळतं. चार-पाच फेऱ्यांचा आलेख छापून निबंध संपतो. कारखान्यात त्याच भुकटीकडून याच्या कितीतरी पट काम काढून घ्यावं लागतं.