दोन गोळ्यांमधला विवेक

अर्धस्वयंचलित रायफलीचा चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र त्याच झटक्यात रायफल रिकामे टरफल बाहेर फेकते, मॅगझीनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये सरकवते आणि पुन्हा सज्ज होते. बोल्ट-ॲक्शन रायफलीत ही सगळी तयारी माणसाला करावी लागते. बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली बसवायची आणि मगच चापाकडे बोट न्यायचे. दोन्ही रायफलींत काडतूस एकच असू शकते. मग गोळीचा वेग आणि मारकताही जवळपास सारखीच राहते. फरक पडतो तो दोन गोळ्यांमधल्या वेळात आणि त्या वेळात माणसाकडे काय काम उरते यात. सरावाच्या मैदानासाठी किंवा शिकारीसाठी रायफल निवडताना या फरकाचा तांत्रिक विचार नेहमी होतो. त्याचा धर्मविचारही तितकाच गरजेचा आहे. शस्त्र हाती आल्याने माणसाचे मन बदलते का, आणि बदलत असेल तर कोणते शस्त्र कशासाठी धरावे, हा प्रश्न भारतीय परंपरेत फार जुना आहे. नाशिक परिसराशी नाते असलेल्या रामकथेने, बौद्ध आणि जैन विचारांनी व वारकरी संप्रदायाने त्याची वेगवेगळ्या अंगांनी मांडणी केलेली आहे.

आधी तांत्रिक बाजू. अर्धस्वयंचलित यंत्रणा गोळीमागच्या वायूच्या दाबावर किंवा धक्क्यावर चालते. या शक्तीचा काही भाग यंत्रणा फिरवण्यात खर्च होत असल्याने खांद्याला बसणारा धक्का काहीसा सौम्य होतो. नेम धरलेली नजर हलवावी लागत नाही आणि दुसरी गोळी लगेच झाडता येते. याची किंमतही मोजावी लागते. सुटे भाग अधिक, त्यामुळे साफसफाई अधिक; काडतुसाच्या प्रतीत थोडा फरक पडला तरी यंत्रणा अडकण्याची शक्यता अधिक. सर्वात महत्त्वाचे म्हणजे, गोळी झाडल्यानंतर चेंबर आपोआप पुन्हा भरलेले असते, म्हणून हाताळणाऱ्याला सतत सावध राहावे लागते. बोल्ट-ॲक्शन रायफल रचनेने साधी असते. तिचा बोल्ट चेंबरच्या तोंडाशी घट्ट अडकतो, भाग कमी हलतात, आणि त्यामुळे एकेका गोळीची अचूकता राखणे सोपे जाते. बोल्ट उघडा ठेवला की रायफल झडू शकत नाही, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही लांबून दिसते.

नेमबाजीच्या खेळाने या दोहोंतून केलेली निवड लक्षात घेण्याजोगी आहे. ५० मीटर रायफल प्रकारात .२२ बोअरची रायफल वापरतात आणि प्रत्येक गोळी हाताने एकेक भरावी लागते. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. हे यश वेगाने गोळ्या झाडण्याच्या क्षमतेतून आलेले नाही. श्वास सोडणे, शरीर स्थिर होण्याची वाट पाहणे आणि स्थिरता आली नाही तर चाप न ओढता रायफल खाली घेणे, ही त्या खेळातली खरी साधना आहे. अर्धस्वयंचलित शस्त्राला या खेळात जागा आहे, पण ती २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात. तिथे सर्वात वेगवान फेरीत चार सेकंदांत पाच गोळ्या पाच लक्ष्यांवर मारायच्या असतात आणि वेग हीच परीक्षा असते. रायफलीच्या मैदानावर खेळाडू रायफल खाली ठेवतो तेव्हा बोल्ट उघडा असतो आणि चेंबरमध्ये भडक रंगाची सुरक्षापट्टी खोचलेली असते. शस्त्र निष्क्रिय आहे हे सर्वांना दिसावे, हा तिथला पहिला आचार.

शिकारीत दुसऱ्या गोळीचा प्रश्न अधिक अवघड होतो. अर्धस्वयंचलित रायफलीच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद केला जातो. पहिली गोळी चुकीच्या जागी लागली तर जखमी प्राणी तडफडत पळतो. दुसरी गोळी लगेच झाडता आली तर त्याचे हाल थांबतात. या म्हणण्यात करुणा आहे आणि ती नाकारता येत नाही. पण लगेच मिळणारी दुसरी गोळी पहिल्या गोळीची जबाबदारी हलकी करते, हेही तितकेच खरे आहे. एकच संधी आहे हे ठाऊक असलेला शिकारी अंतर, वारा, प्राण्याची बाजू आणि त्याच्यामागे काय आहे हे पारखून घेतो. शंका आली तर गोळी झाडत नाही. वन्यजीव रक्षणासाठी १९७९ मध्ये युरोपात झालेल्या बर्न करारात, दोनपेक्षा जास्त काडतुसे मावणाऱ्या मॅगझीनची अर्धस्वयंचलित शस्त्रे निषिद्ध साधनांच्या यादीत घातली आहेत. दुसऱ्या गोळीमागची करुणा मान्य करून बेफिकिरीला आळा घालण्याचा हा प्रयत्न दिसतो.

महाभारताच्या आदिपर्वात पंडूची कथा येते, ती नेमक्या याच मुद्द्याची आहे. पंडूने मृगरूपातल्या किंदम ऋषीला आणि त्याच्या मृगीला मैथुनात असताना पाच वेगवान बाणांनी विंधले. मरता मरता ऋषी म्हणतो की मृग मारल्याबद्दल त्याची तक्रार नाही. राजाने तो क्षण सरेपर्यंत थांबायला हवे होते. पंडूचे शस्त्रकौशल्य निर्दोष होते आणि राजाला शिकारीचा अधिकारही होता. त्याच्या हातून राहून गेले ते थांबणे, आणि शाप मिळाला तो त्यासाठी.

शस्त्र माणसाला घडवते का, याची सर्वात थेट चर्चा वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात आहे. राम, सीता आणि लक्ष्मण अजून पंचवटीत पोहोचलेले नाहीत. दंडकारण्यातल्या ऋषींना रामाने राक्षसवधाचे वचन दिले आहे. सुतीक्ष्णाच्या आश्रमातून निघताना सीता त्याला हटकते. वैर नसताना कोणाला मारणे हा कामनेतून जन्मणारा दोष आहे आणि धनुष्य हाती घेऊन अरण्यात फिरणाऱ्याला तो जडण्याची भीती आहे, असे तिचे म्हणणे. त्यासाठी ती एका तपस्व्याची कथा सांगते. इंद्र योद्ध्याच्या रूपात येऊन त्याच्याकडे एक खड्ग ठेव म्हणून सोपवतो. ठेव जपायची म्हणून तो तपस्वी फळे-मुळे आणायला जातानाही खड्ग बरोबर नेऊ लागतो. त्या सहवासाने हळूहळू त्याची बुद्धी क्रूर होते, तप सुटते आणि शेवटी तो नरकाला जातो. त्याने खड्ग मागितले नव्हते आणि त्याचा हेतू प्रामाणिक होता, हे या कथेत फार महत्त्वाचे आहे. केवळ जवळ बाळगल्याने शस्त्र आपला उपयोग सुचवू लागते, हा सीतेचा सिद्धान्त आहे.

रामाचे उत्तरही तितकेच तोलाचे आहे. पीडितांचा आक्रोश उठू नये म्हणूनच क्षत्रिय धनुष्य धरतात, आणि शरण आलेल्या ऋषींना दिलेले वचन मोडता येणार नाही, असे तो सांगतो. तो सीतेचे तत्त्व खोडून काढत नाही. शस्त्रामागे संरक्षणाचे कर्तव्य असल्याचे दाखवतो. पुढे अगस्त्याच्या सांगण्यावरून तिघे पंचवटीत येतात आणि तिथे मारीच सोन्याच्या मृगाचे रूप घेऊन समोर येतो. लक्ष्मणाला कपटाचा संशय येतो, पण सीतेला त्या मृगाचा मोह पडतो. राजे मांसासाठी आणि करमणुकीसाठी मृग मारतात, असे म्हणून रामही बाण घेऊन निघतो. अरण्यातला शस्त्राचा वापर कर्तव्याच्या कक्षेतून हौसेच्या कक्षेत गेला आणि त्यातूनच सीताहरण घडले. सीतेच्या इशाऱ्याला पुष्टी देणारा हा प्रसंग परंपरेने आजच्या नाशिकच्याच भूमीवर कल्पिला आहे.

राजनीतिशास्त्राने शिकारीकडे व्यवहाराच्या नजरेने पाहिले. मनुस्मृतीत कामनेतून उपजणाऱ्या दहा व्यसनांत मृगयेला पहिले स्थान आहे. कौटिल्यही तिला व्यसनांतच मोजतो, पण द्यूतापेक्षा सौम्य ठरवतो. मृगयेने व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर आणि हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, प्राण्यांची चित्तवृत्ती कळते, असे लाभ तो सांगतो. या यादीकडे नीट पाहिले तर हे सारे लाभ आज जीव न घेता मिळतात. कागदी लक्ष्यावरचा नेम आणि मैदानावरचा व्यायाम कौटिल्याची गरज पुरी करतात. प्राण्यांचे वर्तन तर दुर्बिणीतून अधिक चांगले कळते. शिकारीच्या बाजूचा हा जुना युक्तिवाद आता नेमबाजीच्या मैदानाच्या बाजूचा झाला आहे.

सीतेने साधनाकडे बोट दाखवले, तर ज्ञानेश्वरांनी मनाकडे. त्यांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे प्रदीर्घ विवेचन आहे, त्याचा गाभा असा की हिंसा किंवा अहिंसा आधी मनात उगवते आणि मग वाणीत, दृष्टीत, हातापायांत उतरते. मनात नसलेले बाहेर येणार नाही. या भूमिकेतून पाहता रायफल कोणती हा दुय्यम प्रश्न ठरतो. तरीही या दोन मतांत खरा विरोध नाही. सर्वभूती दयेने भरलेल्या संताच्या हाती शस्त्र आले तरी तो बिघडणार नाही. पण शस्त्रपरवाना मागणारा माणूस संत नसतो. ज्याचे मन अजून साधनेच्या वाटेवर आहे, त्याने स्वतःच्या मनाची पुरती खात्री न धरता आवरायला सोपे असलेले साधन घ्यावे, एवढाच सीतेच्या म्हणण्याचा आजचा अर्थ.

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातल्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे वर्णन ती शक, यवन आणि पह्लवांचा संहार करणारा असे करते. त्याच लेखात ती म्हणते की अपराध केलेल्या शत्रूच्याही प्राणहानीची त्याला आवड नव्हती. एकाच माणसाविषयीची ही दोन विधाने एका राजमातेने बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात शेजारी शेजारी कोरवली. युद्ध टळत नाही तेव्हाही त्याची आवड धरायची नाही, हा त्यातला आदर्श आहे. बौद्ध धर्माने उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे, त्यामागेही दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या हिंसेतल्या वाट्याची जाणीव आहे.

या प्रश्नाची सर्वात काटेकोर वर्गवारी जैन आचारशास्त्रात सापडते. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातल्या मांगीतुंगी या सिद्धक्षेत्री २०१६ मध्ये ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती प्रतिष्ठित झाली. याच ऋषभदेवांनी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा जीवनकर्मे शिकवली असे परंपरा मानते. यादीतले पहिले नाव तलवारीचे आहे, म्हणजे रक्षणासाठी शस्त्र धरणे गृहस्थाला मुळातच निषिद्ध नाही. मात्र हिंसेचे चार प्रकार केले आहेत: ठरवून केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेत घडणारी उद्योगी आणि प्रतिकारात घडणारी विरोधी. शेवटच्या तीन गृहस्थाने शक्य तितक्या कमी करायच्या. संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडायची. हौसेची शिकार ही संकल्पी हिंसा, आणि ती सप्त व्यसनांतही मोडते. याशिवाय अनर्थदंडव्रत आहे: निष्प्रयोजन पाप टाळणे. इतरांना शस्त्रे पुरवणे हे त्यात ‘हिंसादान’ ठरते आणि निष्काळजी वर्तन ‘प्रमादचर्या’. गरजेपेक्षा जास्त मारक क्षमतेचे शस्त्र घेणे, भरलेली रायफल कपाटात ठेवणे, कौतुकाने ती दुसऱ्याच्या हाती देणे, या आजच्या चुकाही याच वर्गांत बसतात.

भारतीय कायद्याची दिशा या विचारांशी जुळते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार गुन्हा आहे. बिबट्यासारखा अनुसूची १ मधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, तरी त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही याची खात्री पटल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने मारण्याची परवानगी देऊ शकतात. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो; कातडे किंवा शीर कोणालाही घरी नेता येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, सिन्नर भागात उसाच्या फडातून बिबटे वस्तीपर्यंत येतात; तिथल्या शेतकऱ्यांची भीती खरी आहे आणि तिला उत्तर मिळालेच पाहिजे. पण ते उत्तर प्रशिक्षित पथकाने, पिंजरा आणि भूल हे उपाय आधी वापरून द्यावे, खाजगी हौसेने नव्हे, अशी ही व्यवस्था आहे. रामाने सांगितलेले संरक्षणाचे कर्तव्य तिने राखले आणि मृगयेचा मोह वगळला. शस्त्र कायद्यात स्वयंचलित शस्त्रे प्रतिबंधित आहेत आणि २०१६ च्या नियमांत अर्धस्वयंचलित शस्त्रेही कडक वर्गात आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची कमाल मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आणली.

या सगळ्यातून निवडीचा क्रम ठरतो. पहिला प्रश्न प्रयोजनाचा: शस्त्र कशासाठी? प्रयोजन नेमबाजीचे असेल तर एअर रायफलपासून सुरुवात करून .२२ च्या एकेक गोळी भरायच्या रायफलीकडे जाणे योग्य; एनसीसीचे कॅडेटही .२२ रायफलीवर नेम शिकतात. प्रयोजन हौसेच्या शिकारीचे असेल तर भारतात कायद्याने आणि इथल्या धर्मविचाराने ते प्रयोजनच बाद ठरते, मग साधनांची तुलना उरत नाही. परदेशात जिथे नियमांनुसार शिकार चालते, तिथे अर्धस्वयंचलित रायफलीचे समर्थन जखमी प्राण्याचे हाल थांबवण्यापुरतेच होऊ शकते, आणि त्याला दोन-तीन काडतुसांहून मोठे मॅगझीन लागत नाही. दुसरा प्रश्न मर्यादेचा: त्या प्रयोजनाला पुरेसे असलेले सर्वात कमी क्षमतेचे शस्त्र कोणते? तिसरा सहवासाचा: शस्त्र कुठे राहील, कोणाच्या हाती पडेल, आणि वापरणाऱ्याला थांबण्याची सवय आहे का? वेग, वजन, धक्का आणि किंमत यांची तुलना या तीन प्रश्नांनंतर करावी. ज्या माणसाला प्रत्येक गोळीआधी नव्याने निर्णय घ्यायचा आहे, त्याने तो निर्णय घ्यायला भाग पाडणारी रायफल निवडावी.